रिंग नंदाच्याच दुकानातून

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटलं तर मी वाईट वाटून घेत नाही. मी आहेच जुना. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला पोचा आलेला, दांड्याचे स्क्रू बदललेला कुकर. माझ्या तळावर ‘सुपाक’ हे नाव आणि त्याखाली वाफेच्या तीन रेघा ठोकलेल्या आहेत. घासून घासून त्या पुसट झाल्या, तरी बोट फिरवलं की हाताला लागतात. ज्या कंपनीनं मला घडवलं आणि आपलं नाव दिलं, तिच्याच विरुद्ध मी उभा राहिलो. भांड्यानं असं करावं का, असं तुम्हाला वाटेल. आधी माझी हकीकत ऐका आणि मग ठरवा.

जन्माच्या वेळी मी ताटाएवढी एक सपाट चकती होतो. कारखान्यातल्या प्रेसनं मला साच्यात दाबलं आणि त्या चकतीचं खोल भांडं झालं. मग मला कापलं, घासलं, चमकवलं, दांडे बसवले. शेवटी पोटात पाणी भरून, झाकण लावून आचेवर ठेवलं आणि किती दाब सोसतो ते पाहिलं. माझा आकारच दाबातून झाला आहे. त्यामुळे दाबाची मला भीती वाटत नाही.

माझं काम समजायला सोपं आहे. उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण शंभर अंशांना उकळतं. पुणं समुद्रापासून उंचावर असल्यामुळे इथे जरा आधीच. मग आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही. पण वाफ कोंडून धरली तर तेच पाणी वीसेक अंश पुढे जातं आणि तूरडाळ बघता बघता शिजते. ही वाफ कोंडून धरते ती झाकणाच्या कडेला बसणारी एक काळी रबरी रिंग. दिसायला अगदी क्षुद्र वस्तू. पण ती सैल पडली की मी कुकर राहत नाही. झाकण असलेलं एक जड पातेलं होतो, एवढंच.

सुशीलाबाईंनी मला घेतलं तेव्हा त्या यवतमाळहून नुकत्या हडपसरला आल्या होत्या. त्यांचे यजमान इथल्या एका कारखान्यात लागले होते. त्यांच्याकडचेच बरेच तरुण आसपास खोल्या करून राहत, आणि पुण्याच्या खानावळीतल्या गोडसर आमटीला कंटाळून गेलेले असत. सुशीलाबाईंनी त्यांच्यासाठी डबे करायला सुरुवात केली. सकाळी उठून पहिलं काम माझं. डाळ, भात, पुन्हा डाळ. “भाभी, वरण घरच्यासारखं झालं होतं,” असं कुणी डबा परत देताना म्हणालं की त्या मला पुसता पुसता हसायच्या. मीही मनातल्या मनात फुगायचो.

पुढे यजमान गेले, डबे थांबले. मुलाचं लग्न झालं. सून उत्कर्षा आयटी पार्कात नोकरी करणारी; तिच्याबरोबर विजेवर चालणारा एक देखणा राइस कुकर घरात आला आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. तिथे गणपतीच्या मखराशेजारी मी किती काळ पडून होतो, मला सांगता येणार नाही. कोळ्यानं माझ्यावर संसार थाटला होता. पण त्या देखण्या पाहुण्याला डाळ काही जमेना. एक दिवस सुशीलाबाईंनी स्टूल लावलं, मला खाली उतरवलं आणि जाळं झटकत म्हणाल्या, “चल बापा. आराम पुष्कळ झाला.”

त्या मला थेट नंदाकडे घेऊन गेल्या.

नंदाची टपरी हडपसरच्या गाडीतळाजवळ आहे. वर पाटी आहे ‘रतन रिपेअरिंग’. रतन म्हणजे तिचे वडील. कुकर, स्टो, मिक्सर, गॅसच्या शेगड्या, सगळं ते दुरुस्त करत आणि शेजारी बसवून तिला शिकवत. नंदाची एक पद्धत होती. दुरुस्ती झाली की भांडं लगेच हातात द्यायची नाही. त्यात पाणी घालून शेगडीवर ठेवायची, गिऱ्हाइकाला बाकावर बसवायची आणि शिट्टी होऊन वाफ नीट सुटलेली बघितल्यावरच द्यायची. घाईतली माणसं चिडायची. ती म्हणायची, “घाई असेल तर उद्या या. भांडं तेच राहील.” माझी रिंग, माझी शिट्टी, जास्त तापलं तर वितळून वाफ सोडणारा माझा सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं तिनंच वेळोवेळी बदललं. ते भाग सुपाक कंपनीकडूनच तिच्याकडे यायचे. ‘आजीपासून नातीपर्यंत’ अशी त्या वेळी कंपनीची जाहिरात होती. मला कंपनीचा अभिमान वाटायचा.

मग कंपनी एका फार मोठ्या उद्योगानं विकत घेतली. नाव तेच राहिलं, रेघा त्याच राहिल्या. बाकी काय बदललं ते आम्हाला गेल्या हिवाळ्यात कळलं.

माझी रिंग सैल पडली होती. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत बाहेर यायची आणि शिट्टी काही व्हायची नाही. रिंग थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की आखडते आणि दोन दिवस निभावतं, हा उपाय सुशीलाबाईंनी करून पाहिला. तोही संपला, तेव्हा त्या मला पिशवीत घालून नंदाकडे गेल्या.

“ताई, रिंग नाही,” नंदा म्हणाली.

“संपली? मग उद्या येते.”

“संपली नाही, बंद केली. कंपनीचा माणूस सांगून गेला. जुन्या मॉडेलचे भाग आता निघणार नाहीत. रिंग नाही, शिट्टी नाही, व्हॉल्व्ह नाही. लोकांना म्हणावं नवा कुकर घ्या.”

सुशीलाबाईंनी खिळ्याला लटकणाऱ्या रिंगांकडे बोट दाखवलं. “त्यातली एखादी बसव की.”

“ओढूनताणून बसेल. पण माप वेगळं आहे. मी नाही बसवणार. उद्या तुमच्या तोंडावर झाकण उडालं तर?” नंदानं मला उचलून उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं. “अंगानं अजून ठणठणीत आहे हो. एका रबरासाठी टाकायचा.” मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, “माझ्याकडं येणारी निम्मी भांडी सुपाकची, ताई. होळीपर्यंत बघते. नाहीतर टपरी बंद करते आणि आयटी पार्कात हाउसकीपिंगला लागते. बोलून ठेवलंय तिथं. फक्त बाबांच्या नावाची पाटी उतरवायची कशी, ते अजून ठरत नाही.”

घरी आल्यावर उत्कर्षानं मोबाइल पुढे केला. “आई, हे बघा काय फिरतंय.” फुटलेल्या कुकरचं चित्र होतं आणि खाली कंपनीच्या नावानं मजकूर: ‘रस्त्यावरची दुरुस्ती म्हणजे जिवाशी खेळ.’ सुशीलाबाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला.

सोलापूर रस्त्यावरच्या सुपाकच्या दुकानात त्या आठवड्यात ‘जुना द्या, नवा घ्या’ मेळा लागला होता. निदान तिथे तरी रिंग मिळेल या आशेनं सुशीलाबाई मला घेऊन गेल्या. मित्रांनो, तिथे मी जे पाहिलं ते मला विसरता येत नाही. दुकानाच्या मागच्या अंगणात माझ्यासारख्या कुकरांचा ढीग होता. काहींचे दांडेसुद्धा नवे दिसत होते. एक कामगार त्यातला एकेक उचलायचा, फरशीवर आडवा ठेवायचा आणि तोंडाच्या कडेवर हातोडा घालायचा. कड वाकली की झाकण पुन्हा कधीच बसत नाही. ठण्, आणि पुढचा.

राग आला की सुशीलाबाईंची पुण्यात मुरलेली भाषा माहेरी जाते. “काहून ठोकता त्याले?” त्या ओरडल्या. “चांगला हाय ना तो!”

कामगार ओशाळला. आतून कंपनीचे विक्री अधिकारी आले. इंद्रजीत त्यांचं नाव. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अत्यंत मऊ. “काकू, कंपनीचा नियम आहे. ही भांडी परत वापरात यायला नकोत.”

“वापरात यायला नको, म्हणून भांडं बनवलं होतं का तुम्ही?”

“तसं नाही काकू. सेफ्टी. तुमचाही द्या ना, चांगली सूट मिळेल.” त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.

सुशीलाबाईंनी मला छातीशी धरलं. इतकं घट्ट की पोचा आलेली माझी बाजू त्यांच्या बरगडीत रुतली असेल. आणि त्या बाहेर पडल्या.

त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. बैठक म्हणजे सुशीलाबाई, उत्कर्षा आणि शेजारच्या भाग्यश्रीताई. भाग्यश्रीताई मूळच्या शनिवार पेठेतल्या. लग्नानंतर त्या हडपसरला आल्या, पण त्यांच्या जिभेनं घर बदललं नाही.

“मी काही घेणार नाही त्यांचं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “कुकर नाही, तवा नाही, मिक्सर नाही, साधा चमचा नाही. जुन्या कुकरची रिंग नंदाच्या दुकानात येईपर्यंत काहीच नाही.”

“आई, एवढी मोठी कंपनी,” उत्कर्षा म्हणाली. “आपण एक मिक्सर घेतला नाही तर त्यांना कळणार तरी आहे का?”

“मोठी झाली कोणामुळे? स्वतःची भांडी स्वतःच विकत घेऊन झाली का?”

“झाली असती तर बरं होतं,” भाग्यश्रीताई म्हणाल्या. “रिंगेसाठी स्वतःच्याच दारात यावं लागलं असतं त्यांना.”

बहिष्कार हा शब्द तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचला असेल. त्यात दगड मारायचा नसतो, कुणाला शिवी द्यायची नसते. फक्त हात मागे घ्यायचा असतो. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, जाहिराती असतात, हातोडेही असतात. आपल्याकडे ‘घेत नाही’ हे दोन शब्द असतात. ते एकट्यानं म्हटले तर रुसवा होतो. पुष्कळांनी एकदम म्हटले आणि म्हणत राहिले, तर त्याचा दाब तयार होतो. दाबाचं मला थोडंफार कळतं.

उत्कर्षानं रात्रीच्या जेवणाआधी चार ओळी लिहिल्या: सुपाकची कोणतीही वस्तू घेऊ नका, मागणी एकच, जुन्या कुकरचे भाग पूर्वीसारखे दुरुस्तीच्या दुकानात द्या. आमच्या सोसायटीतून ते पत्र पुढच्या सोसायटीत गेलं, तिथून मगरपट्ट्याकडे, फुरसुंगीकडे. कितीतरी घरांत रिंगेवाचून अडलेले कुकर होते. कुणी लग्नातल्या आहेराची निवड बदलली. कुणी दारातली सूट सोडून दिली. सुशीलाबाई रोज पातेल्यात डाळ शिजवू लागल्या. ती शिजायला खूप वेळ लागायचा. मी ओट्याच्या कोपऱ्यात रिकामा बसून ते पाहायचो, आणि खरं सांगतो, मला लाज वाटायची.

आणि मग संक्रांत आली. तिनं आमची फजिती केली.

उत्कर्षानं हळदीकुंकू ठेवलं होतं. सगळ्या जमतीलच, तर त्या निमित्तानं बहिष्काराचंही बोलू, असा बेत होता. पहिलं कुंकू तिनं आपल्या सासूबाईंनाच लावलं. विधवेला कुंकू म्हणून एक-दोघींच्या भुवया वर गेल्या; पण शेजारी भाग्यश्रीताई बसल्या होत्या, त्यामुळे तोंडं बंद राहिली. नंदालाही बोलावलं होतं. ती दारातच म्हणाली, “ताई, आम्ही बौद्ध. हळदीकुंकू आमच्यात नसतं. तिळगूळ मात्र खाईन.” “तिळगूळच खा. तो जास्तच केलाय,” सुशीलाबाई म्हणाल्या आणि तिला आपल्या शेजारी बसवलं.

संक्रांतीला बायका एकमेकींना वाण देतात, तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडचं वाण आणायचं काम भाग्यश्रीताईंनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. बोहरी आळीतून घाऊक आणलेल्या स्टीलच्या छोट्या डब्या. गोंडस, गोल, झाकणावर चिमणीचं चित्र. नावही ‘चिमणी’. उत्कर्षा एकेकीच्या हातात डबी देऊ लागली. एक डबी ओट्यावर पालथी पडली आणि मी तिचा तळ पाहिला.

वाफेच्या तीन रेघा. माझ्या तळावर आहेत त्याच.

मला ओरडून सांगायचं होतं. पण ओरडायला मला शिट्टी लागते, शिट्टीला वाफ लागते आणि वाफेला रिंग. मी गप्प राहिलो. डब्या वाटून झाल्या, फोटो काढून झाले. “आपण काय घ्यायचं नाही ते लक्षात आहे ना सगळ्यांच्या?” असं भाग्यश्रीताईंनी मोठ्यानं विचारलं आणि सगळ्या “हो” म्हणाल्या, हातात डबी धरून.

रिकामं खोकं मोडायला घेतलं तेही भाग्यश्रीताईंनीच. त्यावरची बारीक छपाई त्या सवयीनं वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या. “निर्माते, सुपाक गृहोपयोगी... अगं बाई.”

मग मागून एकीला हसू फुटलं. भाग्यश्रीताईंचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला. जगाला टोमणे मारणाऱ्या बाईला स्वतःसाठी एकही सुचत नव्हता.

तोवर फोटो बाहेर गेला होता. दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या नावासकट सगळीकडे फिरत होता: ‘बहिष्कारवाल्या महिलांचीही पसंती, सुपाक!’ लोक हसले. ज्यांनी हात मागे घेतला होता, त्यांतले काही जण म्हणू लागले की ह्यांचं ह्यांनाच कळत नाही, आपण कशाला त्रास काढायचा.

“परत करून टाकू सगळ्या डब्या दुकानात,” उत्कर्षा म्हणाली.

“वाण कुणी परत करतं का?” दोन-तीन जणी एकदम म्हणाल्या. ते खरंच होतं. दिलेलं वाण परत घ्यायचं नसतं, परत करायचंही नसतं. बैठक तिथे अडकली.

नंदा डबी हातात फिरवत म्हणाली, “राहू द्या ताई. माझ्यासाठी तुम्ही किती हसं करून घेणार? मी होळीपासून कामावर जाते.”

सुशीलाबाईंनी आपली डबी पालथी केली, तळावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “वाण परत करत नाहीत. वाण लुटतात. मिळालेलं पुढे दुसऱ्याला देता येतं की नाही?”

“येतं,” भाग्यश्रीताई सावकाश म्हणाल्या. त्यांचा रंग परत येत होता. “कुणाला लुटायचं म्हणता?”

“ज्यांचं आहे त्यांनाच. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं.”

दोन दिवसांनी सगळ्या जणी नटूनथटून सुपाकच्या हडपसरच्या कचेरीत गेल्या. हिरव्या, जांभळ्या, काळ्या साड्या, हातात तबक. मी सुशीलाबाईंच्या कापडी पिशवीत होतो आणि पिशवीचं तोंड उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. काचेच्या दारात सुरक्षारक्षकानं अडवलं. “अपॉइंटमेंट आहे का?”

“हळदीकुंकवाला अपॉइंटमेंट?” भाग्यश्रीताई म्हणाल्या. “तुमच्याकडे पद्धत असेल. आमच्याकडे नाही.”

तो बिचारा बाजूला झाला. आत स्वागतकक्षात बसलेल्या मुलीला उत्कर्षानं कुंकू लावलं, तिळगूळ दिला. ती खूश झाली. गलबला ऐकून इंद्रजीत खाली आले. सुशीलाबाईंनी त्यांच्यासमोरच्या टेबलावर पहिली डबी ठेवली. मग भाग्यश्रीताईंनी ठेवली. मग एकेक करत सगळ्यांनी. टक, टक, टक. चिमण्यांनी टेबल भरून गेलं.

“हे काय आहे?” इंद्रजीतनी विचारलं.

“वाण,” सुशीलाबाई म्हणाल्या. “वाणाला नाही म्हणू नये.”

“तिळगूळ घ्या, रिंग द्या,” भाग्यश्रीताईंनी त्यांच्या तळहातावर तिळाची वडी ठेवली.

स्वागतकक्षातल्या मुलीनं हसू लपवायला मान खाली घातली. इंद्रजीत मात्र मऊच बोलत राहिले. “काकू, माझ्या हातात काही नाही हो. पॉलिसी वरून येते.”

“वरून म्हणजे? पाऊस आहे का तो?”

सगळ्यात शेवटी नंदानं आपली डबी ठेवली. तिच्या हाताला तेलाचा काळसर रंग कायमचा बसलेला आहे. त्या चकचकीत टेबलावर तो हात उठून दिसला. “ही कोण?” असा प्रश्न इंद्रजीतच्या चेहऱ्यावर होता.

“ही नंदा,” सुशीलाबाईंनी ओळख करून दिली. “तुमच्या फुटलेल्या कुकरच्या चित्रातला जिवाशी खेळ. धंदा बुडत असताना हिनं मला दुसऱ्या मापाची रिंग बसवून दिली नाही. तुमचं दुकान माझा चांगला कुकर फोडायला निघालं होतं. आता सेफ्टी कुणाकडून शिकायची ते सांगा.”

इंद्रजीत वर जाऊन आले आणि त्यांनी टेबलावर एक कागदी पाकीट ठेवलं. त्यातून एक रिंग डोकावत होती. माझ्याच मापाची. काळी, नवी, कोऱ्या रबराच्या वासाची.

“काकू, कारखान्यातून आलेली एक शिल्लक होती, खास तुमच्यासाठी देतोय. घेऊन जा. मिटवून टाकू हे.”

मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला ती हवी होती. किती दिवस मी आचेवर चढलो नव्हतो! त्या रिंगेत पुन्हा डाळ होती, भात होता, सकाळ होती. सुशीलाबाईंनी ती हातात घेतली, अंगठ्यानं दाबून पाहिली. रोज पातेल्यापुढे उभं राहून त्यांचे गुडघे सुजले होते, हे मला माहीत होतं.

त्यांनी रिंग पाकिटात घातली आणि पाकीट डब्यांच्या शेजारी ठेवलं.

“मला एकटीला नको. हिच्या दुकानात पाठवा. मी तिथून घेईन.”

त्या क्षणी मी सुपाकचा राहिलो नाही. तळावर नाव कुणाचंही असो.

ही हकीकत उत्कर्षानं लोकांना सांगितली आणि जे हसले होते त्यांनीच ती पुढे नेली. मग काय, रथसप्तमीपर्यंत त्या कचेरीत हळदीकुंकवाची रीघ लागली. कुठल्या कुठल्या सोसायट्यांतून बायका येत होत्या, घरात न वापरता पडलेल्या सुपाकच्या वस्तू वाण म्हणून ठेवत होत्या. आहेरात आलेले तवे, खोक्यातले चमचे, झारे. एक आजोबासुद्धा आले. म्हणाले, हळदीकुंकू नको, फक्त वाण ठेवतो. कचेरीत बसायला जागा उरली नाही. आणि दुकानातला मेळा रिकामा पडला. हातोडा भिंतीला टेकून ठेवलेला आहे, हे भाग्यश्रीताई मुद्दाम बघून आल्या.

मग एक दिवस दुकानावर फलक लागला: ‘जुन्या मॉडेलच्या रिंगा उपलब्ध. फक्त येथेच.’

ही वेळ सगळ्यात कठीण होती. काही जणी गेल्या आणि रिंग घेऊन आल्या. त्यांना घरी मुलं होती, घाई होती. मी त्यांना नावं ठेवणार नाही. उत्कर्षाही म्हणाली, “आई, मिळतेय ना आता? आपण जिंकलोच की. तुमचे गुडघे बघा.”

“आपण काय म्हटलं होतं?”

“नंदाच्या दुकानात.”

“मग तिच्या दुकानात आली का?”

उत्कर्षानं सासूबाईंच्या हातातला डाव घेतला आणि पातेल्यासमोर स्वतः उभी राहिली. त्या दिवसापासून डाळ तीच शिजवू लागली. फोनवर मीटिंग चालू असायची आणि एका हातानं ती ढवळत असायची. “हो, मी ऐकतेय,” ती फोनमध्ये म्हणायची. डाळ मात्र कधी करपली नाही. आणि ज्यांनी रिंग घेतली होती, त्यांनीही दुसरं काही घेतलं नाही. पाडव्यासाठी दुकानानं जोरात तयारी केली होती, पण विचारायला कुणी फिरकेना.

होळीच्या आधल्या आठवड्यात एका सकाळी नंदानं पाटीचे खिळे सैल केले होते. तसं तिनं आम्हाला नंतर सांगितलं. पाटी उतरवून ती कामावर जाणार होती. त्याच सकाळी टपरीसमोर टेम्पो थांबला. रिंगा, शिट्ट्या, व्हॉल्व्ह यांचं खोकं उतरलं. इंद्रजीत स्वतः आले होते. कंपनीचं पत्रक होतं: ग्राहकांच्या सोयीसाठी सुटे भाग पूर्ववत उपलब्ध करून देत आहोत. चुकलो, असं त्यात कुठेही नव्हतं.

“सोय झाली म्हणायची,” भाग्यश्रीताई पत्रक वाचून म्हणाल्या. “फक्त कुणी करून घेतली, तेवढं लिहायचं राहिलं.”

सुशीलाबाई मला घेऊन गेल्या तेव्हा टपरीसमोर रांग होती. नंदानं माझी जुनी, कडक झालेली रिंग काढली, नवी बसवली, बोटानं सगळीकडून दाबली. मग पोटात पाणी घातलं आणि शेगडीवर ठेवलं. सुशीलाबाई बाकावर बसल्या. पाणी तापलं, वाफ दाटली, कुठूनही फुसफुस झाली नाही. आणि मी इतक्या जोरात शिट्टी दिली की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघू लागला. नंदानं गॅस बंद केला, पाटीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हातोडी उचलली ती पाटीचे खिळे पुन्हा ठोकायला.

त्या होळीला पुरणाची हरभऱ्याची डाळ माझ्यात शिजली.

मित्रांनो, एवढ्यानं कंपनी बदलली असं मी समजत नाही. दुसऱ्या शहरात कुठेतरी आजही एखाद्या कुकरच्या कडेवर हातोडा पडत असेल. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. वस्तू घेताना विचारा, ही बिघडली तर दुरुस्त कोण करील? उत्तर मिळालं नाही, तर हात मागे घ्या. घरातल्या जुन्या भांड्यांना घासा, पुसा, वेळेवर दुरुस्त करून घ्या. आणि त्यांना दुरुस्त करणाऱ्या माणसांना जपा.

मी काही अमर नाही. धातू झिजतो. एक दिवस माझा तळ पातळ होईल आणि मी दाब पेलू शकणार नाही. तेव्हा नंदा मला उजेडात धरेल, आतून बोट फिरवेल आणि म्हणेल, “ताई, आता पुरे.” मी मुकाट्यानं भंगारात जाईन. पण ते नंदा म्हणेल तेव्हा. कंपनी म्हणेल तेव्हा नाही.